उच्छ्वास

उच्छ्वास : (उसासा). जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या बांधीव मार्गावर किंवा नळावर अंतराअंतराने उभारलेला, आतून पोकळ व वरून हवेला खुला असलेला दगडविटांचा मनोरा. पुण्यात हा शब्द मुख्यत्वे कात्रजचा तलाव ते शनिवारवाडा या सुमारे ८ किमी. लांबीच्या पेशवेकालीन पाणीयोजनेच्या संदर्भात रूढ आहे.

ही योजना बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे (कार. १७४०–६१) यांच्या काळातील असून तिचा आरंभ बहुधा १७४९-५० च्या सुमारास झाला. या योजनेचे पाणी घेणारे शहरातील सर्व हौद एकाच वेळी बांधले गेले असे मानण्यापेक्षा पेठा वसत गेल्या तशा शाखा वाढत गेल्या, हे मत अधिक संभवनीय वाटते.

उच्छ्वासाची कल्पना पुण्यात कोठून आली, याविषयी एकमत नाही. अहमदनगर (अहिल्यानगर) येथील निजामशाही खापरी नळ, विजापूरच्या आदिलशाही पाणीपुरवठ्यातील ‘गंज’ नावाचे मनोरे आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबरने खडकी (नंतरचे औरंगाबाद) येथे आणलेली नहर, असे तीन जवळचे नमुने दाखविता येतात. काही अभ्यासक याचा संबंध इराणी कनातींच्या (भूजल वाहून आणणाऱ्या भूमिगत बोगद्यांच्या) उभ्या विवरांशी जोडतात. परंतु कनातीची विवरे मूलतः बोगदा खोदण्यासाठी व माती उपसण्यासाठी असतात आणि ती जमिनीच्या पातळीवर संपतात, तर उच्छ्वास जमिनीच्या वर मुद्दाम चढविलेला असतो. हा फरक केवळ बांधणीचा नसून कार्याचा आहे. त्यामुळे दख्खनी नमुन्यांशी असलेले नाते अधिक सयुक्तिक ठरते.

कार्याविषयीही दोन मते आहेत. नावावरून सुचणारे मत असे की, मनोरा हवा बाहेर सोडतो. दुसऱ्या मतानुसार तो नळातील दाब मर्यादेत ठेवतो. वास्तविक हे मार्गाच्या प्रकारावर अवलंबून असते. कात्रजचा मुख्य मार्ग माणूस आत उतरू शकेल एवढा बांधीव असून त्यात पाणी उताराने, वर मोकळी जागा ठेवून वाहते. अशा प्रवाहाच्या पृष्ठावर वातावरणाचाच दाब असतो. मात्र पावसाळ्यात मार्ग छतापर्यंत भरला, की वळणांवर आणि उंचवट्यांपाशी हवेचे फुगे अडकतात, पाण्याला मिळणारा छेद आकसतो आणि प्रवाह हिसके देत वाहू लागतो. सफाईनंतर पाणी पुन्हा सोडताना पुढची हवा निघून जाण्यास आणि मार्ग रिकामा करताना हवा आत येण्यास वाट लागते. गाळ काढणाऱ्यांना उतरण्यासही अशी विवरे उपयोगी पडत. या भागापुरते पहिले मत ग्राह्य वाटते.

खापरी नळांत मात्र पाणी नळ भरून, दाबाखाली वाहते. १० मी. दाबोच्चता (पाण्याच्या उंचीच्या रूपात मोजलेला दाब) म्हणजे प्रत्येक चौ. सेंमी. वर सुमारे १ किग्रॅ. दाब. १५ सेंमी. व्यासाच्या व २ सेंमी. जाडीच्या खापरी नळाच्या भिंतीत एवढ्या दाबाने सुमारे ०·३७ मेगापास्कल घेरी (परिघाच्या दिशेने ओढणारा) ताण येतो. चांगली भाजलेली माती तो सोसते. उकलतात ते चुन्याने भरलेले सांधे. खालचे तोंड बंद केल्यावर वाहते पाणी थांबते आणि उगमाच्या पातळीपासूनची संपूर्ण उंची सांध्यांवर येते. वाटेत मनोरा असेल आणि पाणी त्याच्या माथ्यावरील उघड्या कुंडीत चढून दुसऱ्या नळाने उतरत असेल, तर दाबाची मोजणी तेथून नव्याने सुरू होते. पुढच्या नळाला त्या कुंडीच्या पातळीपेक्षा जास्त उंचीचा भार कधीच सोसावा लागत नाही. विजापूरच्या गंजांचे मुख्य काम हेच होते. शनिवारवाड्यातील हजारी कारंजाला मात्र दाब हवाच होता, कारण कारंजाची धार उपलब्ध दाबोच्चतेहून वर जाऊ शकत नाही आणि घर्षणामुळे प्रत्यक्षात ती आणखी खालीच राहते.

पाणी एकदम अडविल्यास उसळणारा जलाघात हा याच विषयाचा पुढचा भाग होय. १८९८ च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी दाखविल्याप्रमाणे दाबवाढ ही घनता, नळातील ध्वनिवेग व थांबविलेला वेग यांच्या गुणाकाराएवढी असते. पोलादी नळात सेकंदाला १ मी. वेगाचे पाणी क्षणात थांबले, तर सुमारे १०० मी. उंचीच्या पाण्याएवढा धक्का बसतो. कोयना प्रकल्पातील सर्ज वेल हा धक्का उघड्या विहिरीत चढू देते. तत्त्वतः तो एक प्रचंड उच्छ्वासच आहे. अशा रचनांच्या प्रतिकृतींचा अभ्यास १९१६ मध्ये स्थापन झालेल्या खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात होतो.

आजच्या जलवाहिन्यांवर उच्छ्वासाची जागा एअर व्हॉल्व्हने घेतली आहे. पुण्यात एखाद्या गुरुवारी पाणी बंद राहिल्यावर शुक्रवारी सकाळी नळ आधी फुसफुसतो, मग पांढरट, दुधासारखे पाणी थुंकतो आणि भांड्यात ते तळाकडून वर निवळत जाते. दाबाखाली विरघळलेली व अडकलेली हवा सुटी होण्याचा हा परिणाम असून प्लंबर त्याला ‘लाइनने एअर धरली’ असे म्हणतात. गच्चीवरील सौर बंबाच्या टाकीवर उभी असलेली अरुंद नळी हाही उच्छ्वासच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब सुमारे ९·७ मी. पाण्याएवढा, म्हणजे प्रत्येक चौ. मी. वर साडेनऊ टनांच्या आसपास असतो. क्षाराने किंवा गांधीलमाशीच्या घरट्याने ही नळी बुजली आणि खाली गरम पाणी वेगाने सोडले, तर आत हवा न शिरल्याने टाकीचा पातळ पत्रा बाहेरच्या दाबाने आत चेपला जातो.