फोनचा डेसिबल आणि मीटरचा डेसिबल

स्पीकरच्या भिंतीसमोर फोनचं ॲप ९८ दाखवतंय आणि शेजारीच धरलेला साउंड मीटर १०९. फोनला खोटं ठरवण्याआधी आकड्यामागचं अक्षर बघा: डीबीए (ए-वेटिंग) आहे की डीबीसी (सी-वेटिंग)? वेटिंग म्हणजे कोणता सूर किती मोजायचा याचं गाळण. ए-वेटिंग कानाच्या ऐकण्याशी मिळतंजुळतं राहण्यासाठी खालचे सूर कापतं, १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल आणि ५० हर्ट्झला तब्बल ३०. सी-वेटिंग तिथे फार तर एक-दीड डेसिबल कापतं. त्यामुळे बेस दणदणत असेल आणि एक यंत्र ए वर, दुसरं सी वर असेल, तर दोन्ही बरोबर असूनही आकड्यांत दहाचा फरक सहज पडतो. बरेचसे वाद इथेच मिटतात.

उरतात ते मात्र फोनमुळेच. गंमत म्हणजे त्यातला इवलासा मेम्स माईक (चिपवर बनवलेला) तसा वाईट नसतो. साधारण १२० डेसिबलच्या आसपासपर्यंत तग धरतो. घोटाळा करतं ते त्याच्यामागचं सॉफ्टवेअर. त्याला काळजी बोलण्याची: मोठा आवाज आला की दाबायचा, हळू आला की उचलायचा, खालची घरघर गाळून टाकायची. कॉलसाठी उत्तम, मोजमापासाठी नाही. ॲपने ही लुडबुड बंद केली नसेल, तर आवाज वाढत राहतो आणि आकडा अडून बसतो.

म्हणजे मोठ्या आवाजात फोन चुकतो तो बहुधा कमी सांगून, आणि कानांच्या दृष्टीने हीच चूक महाग. कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डीबीएला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. खरा आवाज १०० असताना फोनने ९४ दाखवले, तर १५ मिनिटांत निघायला हवं तिथे तुम्ही तासभर निर्धास्त उभे राहता.

आपला फोन कुठे अडतो हे तपासता येतं. मोकळ्या मैदानात, एका लहान स्पीकरपासून चार मीटरवर आकडा घ्या, मग दोनवर, मग एकवर. अंतर निम्मं झालं की साधारण ६ डेसिबल वाढायला हवेत. पहिल्यांदा ६ आणि नंतर जेमतेम २ वाढले, तर फोनची मर्यादा तिथे. खोलीत हे करू नका. भिंतींवरून परतणारा आवाज हिशोब बिघडवतो.

मीटरमध्ये पैसे नेमके कशाचे? माझ्या मते, पडताळणीचे. कॅलिब्रेटर, म्हणजे मीटर तपासायचं छोटं यंत्र, त्याच्या माईकवर टोपीसारखा बसतो आणि १००० हर्ट्झचा, ९४ डेसिबलचा सूर देतो. हा दाब जवळजवळ १ पास्कल. मीटरने ९४ दाखवलेच पाहिजेत, मोजण्याआधी आणि नंतरही. फोनच्या तळाशी असलेल्या टाचणीएवढ्या भोकावर टोपी बसणार कशी? साउंड मीटरसाठीच्या आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय मानकात अचूकतेचे वर्ग आहेत; त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत १००० हर्ट्झला वर्ग १ साठी ±०.७ आणि वर्ग २ साठी ±१ डेसिबलची मर्यादा आहे. खोक्यावर वर्गच लिहिलेला नसेल, तर त्या स्वस्त मीटरवर फोनपेक्षा फार जास्त भरवसा टाकू नका.

उलट, आयफोनसाठीचं नायॉशचं ॲप प्रयोगशाळेतल्या चाचणीत ±२ डेसिबलच्या आत राहिलं. मोजकीच मॉडेल असल्याने तिथे माईकचा अंदाज बांधता येतो. अँड्रॉइडवर फोनागणिक माईक वेगळा. कॅलिब्रेट केलेला बाहेरचा माईक जोडला, तर फोनही बराच सुधारतो.

फटाका किंवा बंदुकीचा बार मात्र फोनने मोजायच्या भानगडीत पडूच नका. मीटरलाही 'फास्ट' या जलद मोजणीच्या सेटिंगवर ठेवून भागत नाही. फास्टची सरासरी १२५ मिलिसेकंदांची आणि बार त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. त्यासाठी सी-पीक, म्हणजे सी-वेटिंगने आवाजाचं क्षणिक शिखर, मोजणारा मीटरच लागतो.