ॲटलास म्हटलं की अतलस

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी परवा भाचीचा भूगोलाचा गृहपाठ चालला होता. "आजी, ॲटलास कुठंय गं?" तिनं बसल्या जागेवरून हाक दिली. आईला हल्ली जरा कमी ऐकू येतं. पाच मिनिटांनी ती ट्रंकेतला एक जुना झंपर हातावर टाकून बाहेर आली. जांभळा, शिवणीपाशी विरलेला, पण बोट फिरवलं तर अजून लोण्यासारखा. "हे बघ अतलस. माझ्या आईचा झंपर आहे." भाची कपाळाला हात लावून बसली आणि मी शब्दकोश काढला.

अतलस हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. इथे गुजरातीतही तोच चालतो. मूळ अर्थ गुळगुळीत, म्हणून ते रेशमी कापड. जुन्या अरबी खगोलविद्येत सर्वांत बाहेरच्या, एकही तारा नसलेल्या गोलाला 'फलक अल-अतलस' म्हणत. म्हणजे कोरं, सपाट आकाश. नकाशांच्या ॲटलासशी याचं काही नातं नाही. गंमत एवढीच, की त्या दुसऱ्या शब्दाच्या डोक्यावरही आकाशच आहे.

हो, आकाश. ॲटलास म्हटलं की पाठीवर पृथ्वी घेऊन वाकलेला राक्षसी देह डोळ्यांपुढे येतो. पण ग्रीक कथेत देवांशी लढून हरलेल्या या टायटनला, म्हणजे जुन्या महाकाय कुळातल्या वीराला, देवराज झ्यूसनं शिक्षा दिली ती आकाश पेलून धरायची. पृथ्वी त्याच्या पायाखाली असते. (पृथ्वी डोक्यावर घ्यायचं काम आपल्याकडे शेषाचं.) नेपल्सच्या संग्रहालयात 'फार्नीज ॲटलास' नावाचा रोमन काळातला संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या खांद्यावरच्या गोलावर देश आणि समुद्र नाहीत, तारकासमूह कोरलेले आहेत. गोल दिसला की आपण पृथ्वी समजतो, तिथेच घोटाळा होतो.

ॲटलास या नावात 'पेलणं, सोसणं' अशा अर्थाचा ग्रीक धातू आहे, असं बरेच अभ्यासक मानतात, सगळे नव्हे. तो धातू आणि आपली तुला, आपलं तोलणं ही एकाच कुळातली. तसं असेल तर मंगळ बाजारातला तराजू हा ॲटलासचा दूरचा भाऊबंद झाला.

आता नकाशांकडे. नकाशे एकाच मापात छापून, बांधून पुस्तक करायची कल्पना नकाशाकार ऑर्टेलियसनं अँटवर्पमध्ये १५७० साली पार पाडली, पण त्यानं नाव दिलं 'जगाचं रंगमंदिर'. ॲटलास हे नाव दिलं गेरार्ड मर्केटरनं. तोच, ज्याच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. मर्केटर डिसेंबर १५९४मध्ये वारला आणि १५९५ साली त्याच्या मुलानं, रुमोल्डनं, पुस्तक छापलं.

मर्केटरच्या मनातला ॲटलास हा शिक्षा भोगणारा टायटन नव्हताच. त्यानं प्रस्तावनेत गौरवलाय तो मॉरिटेनियाचा, म्हणजे आजच्या मोरोक्को-अल्जीरियाकडच्या मुलखाचा, दंतकथेतला विद्वान राजा ॲटलास. आकाशाचा पहिला गोल यानंच घडवला, अशी आख्यायिका. मर्केटर स्वतः गोल बनवणारा कारागीर: १५४१ साली पृथ्वीचा, १५५१ साली आकाशाचा. एका कारागिरानं दुसऱ्याला केलेला हा नमस्कार होता. पुढे लोकांना राजा आठवेना, ओझेवाला तेवढा राहिला.

शरीरशास्त्रानंही ओझेवालाच घेतला. मानेचा पहिला मणका, ज्यावर कवटी टेकते, त्याचं नाव ॲटलास. हा मणका म्हणजे नुसतं कडं असतं. 'हो' म्हणून मान खालीवर करतो ती हालचाल मुख्यतः कवटी आणि या कड्याच्या सांध्यात होते. 'नाही' म्हणताना हे कडंच कवटीसकट खालच्या मणक्याच्या खुंट्याभोवती फिरतं.

आणि कापड? ते निघालं भलतीकडेच. 'मॅप' हा शब्द लॅटिन 'माप्पा'वरून आला, म्हणजे हात पुसायचं फडकं. रोममध्ये रथांची शर्यत सुरू करायला हेच फडकं खाली टाकत. पुढे कापडावर जग रंगवलं तेव्हा ते 'माप्पा मुंडी' झालं. नॅपकिन आणि एप्रन हीसुद्धा त्याच घरची पोरं. आपल्या गुजरातेतही जैनांचे अढीद्वीपाचे, म्हणजे त्यांच्या विश्वरचनेतल्या मनुष्यलोकाचे, पट सुती कापडावरच रंगवलेले: मधे जंबुद्वीप, भोवती समुद्राची कडी, त्यात पोहणारे मासे. मराठी 'नकाशा' मात्र कापडाचा नाही. तो आणि 'नक्षी' ही अरबी 'नक्श'ची, कोरण्या-रेखण्याची भावंडं.

आईला हे सगळं सांगितलं. तिनं ॲटलासाच्या जोरावर मान हलवली आणि झंपराची घडी घालून ठेवली. भाचीचा ॲटलास शेवटी गादीखाली सापडला. गुजरातचं पान दोन पानांवर पसरलेलं होतं. बडोदं शोधायला गेलो, तर ते नेमकं शिवणीत गेलेलं.