खुब्याचे आकोचक स्नायू

मांडी पोटाकडे उचलणारा, किंवा मांडी स्थिर असेल तर धड मांडीकडे वाकवणारा स्नायूंचा गट. पायरी चढताना गुडघा वर येतो, अंथरुणात उताणा पडलेला माणूस उठून बसतो, तो मुख्यतः याच स्नायूंच्या बळावर. सोआस व इलियाकस हे गटातील प्रमुख स्नायू. खाली दोघांची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) एक होते, म्हणून त्यांना मिळून इलिओसोआस म्हणतात. रेक्टस फेमोरिस, सार्टोरियस, टेन्सर फॅशी लॅटी आणि पेक्टिनियस हे त्यांचे साहाय्यक होत.

सोआस हे नाव ‘कंबर’ या अर्थाच्या ‘प्सोआ’ या ग्रीक शब्दापासून आले, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो शेवटच्या ‘स’चा. ‘प्सोआस’ हे त्या शब्दाचे षष्ठीचे रूप आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच शारीरविद झाँ रिओलां यांनी प्रथमेच्या जागी षष्ठी वापरली आणि ती चूक पुढे रूढ झाली, असे सांगितले जाते. मात्र ‘कमरेचा (स्नायू)’ असा अध्याहार धरला, तर त्याला चूक म्हणण्याचेही कारण उरत नाही. नाव एका व्यक्तीच्या चुकीवर ढकलण्यापेक्षा हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. सार्टोरियसचे मूळ तुलनेने सरळ आहे : लॅटिनमध्ये ‘सार्टोर’ म्हणजे शिंपी. जेवायला पाटावर मांडी घालून बसताना खुबा वाकतो, मांडी बाहेर वळते आणि गुडघा दुमडतो. या तिन्ही हालचालींना हा एकच स्नायू हातभार लावतो. युरोपातील शिंपी अशीच मांडी घालून शिवत, त्यावरून हे नाव पडले असे सामान्यतः मानतात. सार्टोरियस हा शरीरातील सर्वांत लांब स्नायू आहे.

रचना : सोआस हा छातीच्या शेवटच्या मणक्यापासून कमरेच्या पाचव्या मणक्यापर्यंत मणक्यांच्या बाजू, त्यांमधील चकत्या व कमरेच्या मणक्यांचे आडवे फाटे यांपासून निघतो. इलियाकस कमरेच्या पसरट हाडाच्या आतील खोलगट भागातून निघतो. दोन्ही जांघेतून खाली उतरून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळील आतल्या लहान उंचवट्यावर चिकटतात. धडाचा कणा पायाशी थेट जोडणारा मुख्य दुवा सोआस हा होय. सोआसच्या पुढे असणारा लहान सोआस सुमारे निम्म्या माणसांत आढळतच नाही. रेक्टस फेमोरिस खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. त्यामुळे गुडघा ताठ ठेवून पाय उचलताना तो लवकर आखूड होऊन दुबळा पडतो.

कार्याविषयी मतभेद : सोआस खुबा वाकवतो हे सर्वमान्य आहे. तो कमरेच्या कण्याचे काय करतो, यावर मात्र दीर्घकाळ चर्चा चालू आहे. तो कमरेची कमान वाढवतो, हे जुने व आजही व्यायामशाळांत ऐकू येणारे मत. निकोलाय बोगडक आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये स्नायूच्या एकेका तंतुगटाची दिशा मोजून गणित मांडले. त्यानुसार सोआस कमरेच्या वरच्या मणक्यांना मागे, तर खालच्या मणक्यांना पुढे वाकवू पाहतो. दोन्ही परिणाम क्षीण आहेत, कारण तंतू मणक्यांच्या फिरण्याच्या अक्षाच्या अगदी जवळून जातात. मणक्यांवर पडणारा दाब मात्र मोठा असतो. कण्याला बाजूंनी आवळून आधार देणारा स्नायू हे चित्र त्यामुळे अधिक ग्राह्य ठरते. अर्थात हे मुख्यतः गणिती प्रतिमानावर आधारलेले आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

शरीराची ठेवण : चेक वैद्य व्लादिमीर यांदा (१९२८–२००२) यांनी एक आकृतिबंध मांडला : खुब्याचे आकोचक व कमरेचे मागचे स्नायू आखडलेले, पोटाचे व नितंबाचे स्नायू दुबळे, परिणामी श्रोणी (कमरेच्या हाडांचे कडे) पुढे कललेली आणि कमरेची खोबण खोल. तपासणाऱ्याच्या नजरेला दिशा देण्याचे काम या मांडणीने नक्कीच केले. पण तिला कार्यकारणाचा नियम समजले जाऊ लागले, आणि तेथे पुरावा साथ देत नाही. १९८७ मधील एका अभ्यासात पोटाच्या स्नायूंची कामगिरी व कमरेची कमान यांचा संबंध आढळला नाही. १९९० मध्ये खुबा किती मागे जातो आणि उभे राहण्याची ठेवण यांचाही नाही. शिवाय कोणतीही तक्रार नसलेल्या बहुसंख्य माणसांची श्रोणी थोडी पुढे कललेलीच असते. दीर्घकाळ बसून राहणाऱ्या व हालचाल कमी असणाऱ्यांचा खुबा मागे कमी जातो, असे २०२१ मधील एका तुलनेत दिसले. ती एका वेळची पाहणी असल्याने बसण्यामुळेच असे होते हे त्यातून सिद्ध होत नाही.

ह्यू ओवेन थॉमस (१८३४–९१) हे लिव्हरपूलचे अस्थिशल्यविशारद. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी खुब्याच्या सांध्याच्या रोगात पाय दुमडलेला राहतो का, हे पाहण्यासाठी होती. व्यायामाच्या क्षेत्रात ती बदललेल्या रूपात वापरतात. टेबलाच्या कडेला उताणे पडून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरायचा आणि दुसरा पाय कडेवरून मोकळा सोडायचा. मोकळी मांडी टेबलाला टेकली नाही तर आकोचक आखडलेले समजतात. गुडघा सरळ करताच ती टेकली, तर दोष रेक्टस फेमोरिसचा. पण छातीशी धरलेला गुडघा जरा सैल सुटला की कंबर उचलली जाते, आणि आखडलेला स्नायूही मोकळा भासतो. श्रोणी स्थिर न ठेवता केलेली ही चाचणी विश्वसनीय नाही, हे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले.

बलवर्धन : ‘जांघ आखडली’ अशी जाणीव होणाऱ्या प्रत्येकाचा स्नायू आखूडच असतो असे नाही. दुबळा, लवकर थकणारा स्नायूही तसाच भासतो. त्याला केवळ ताण देत राहिल्याने प्रश्न सुटत नाही, तरी सल्ला मात्र बहुधा तेवढाच मिळतो. पायाला रबरी पट्टा किंवा वजन बांधून गुडघा कमरेच्या वर नेणे, बारला लोंबकळून पाय उचलणे हे नेहमीचे व्यायाम. बारवर कंबर मागे झुकू न देता श्रोणी शेवटी वर वळवली, तर पोटाचे स्नायूही काम करतात. एका अभ्यासात (२००५) आठ आठवडे रबरी पट्ट्याने सराव केलेल्यांचा धावण्याचा वेग वाढला. सहभागी मात्र सराव नसलेले होते. उताणे पडून, गुडघे दुमडून उठून बसण्याचा व्यायाम (सिट-अप) केला की सोआस बाजूला पडतो, हा समज १९९८ मध्ये स्नायूत बारीक तारा घालून केलेल्या मोजणीत टिकला नाही. पाय दाबून धरले तर आकोचकांचा वाटा आणखी वाढतो. कंबरदुखी असलेल्यांनी असा व्यायाम टाळावा.

महाराष्ट्रात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रसार केलेल्या सूर्यनमस्कारात एक पाय मागे टाकून दुसरा छातीजवळ आणण्याची स्थिती येते. तीत एका बाजूचे आकोचक ताणले जातात, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचे पूर्ण आखडतात. मागचा गुडघा टेकवून श्रोणी किंचित आत घेतली, तरच ताण जांघेत जाणवतो. एरवी तो कमरेत जातो.