खाणीनंतरची माती जिवंत आहे का? लिडिया जेनिंग्सचं संशोधन, आणि धावणं

तांब्याच्या खाणीत दगड पिठासारखा दळतात, त्यातलं तांबं काढून घेतात आणि उरलेला बारीक चोथा ढीग लावून तिथेच ठेवतात. त्याला टेलिंग्ज म्हणतात. अमेरिकेतलं साधारण 70 टक्के तांबं एकट्या ॲरिझोनातून येतं, म्हणजे असे ढीग तिथे किती असतील बघा. या चोथ्यात सेंद्रिय कर्ब जवळपास नसतोच, पाणी टिकत नाही, आणि त्यात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं, मग शिसं, आर्सेनिक वगैरे मोकळं होऊन पाण्यात उतरतं, आणि वाळवंटातल्या वाऱ्यात धूळ उडते ती वेगळीच.

मग या जमिनीवर कंपोस्ट टाकतात, खणताना बाजूला काढलेली वरची माती पसरतात, गवत पेरतात. हिरवं दिसायला लागलं की झालं काम!

लिडिया जेनिंग्स ही सॉइल सायंटिस्ट नेमकं इथेच थांबत नाही. ती याकी आणि वीचोल या मूलनिवासी समाजांची आहे. याकी लोक मूळचे मेक्सिकोतल्या सोनोराचे, तिथल्या छळामुळे बरेच जण ॲरिझोनात आले, आणि त्यांच्या पास्कुआ याकी जमातीला अमेरिकन सरकारची मान्यता मिळायला 1978 साल उजाडलं. युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोनात पीएचडी करताना तिने जो प्रश्न धरला तो मला फार महत्त्वाचा वाटतो: गवत उगवलं ते ठीक, पण खालचे सूक्ष्मजीव परत आलेत का?

कारण मातीचं खरं काम तेच करतात. पालापाचोळा कुजवणं, नायट्रोजन झाडाला घेता येईल अशा रूपात आणणं, मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणं, सगळं. आणि बाजूला काढलेली माती वर्षानुवर्षं उंच ढिगात पडून राहिली की आत ऑक्सिजन पोचत नाही, मुळं मरतात, बुरशीचं जाळं तुटतं, म्हणून परत पसरली तेव्हा ती दिसते मातीसारखीच पण आतून बरीच रिकामी झालेली असते. हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी चिमूटभर मातीतून डीएनए काढायचा, जिवाणू किती आहेत, कुठल्या प्रकारचे आहेत, नायट्रोजनचं काम करणारी जनुकं सापडतात का ते बघायचं आणि शेजारच्या न खणलेल्या जमिनीशी ताडून पाहायचं. आपल्याकडे 2015 पासून शेतकऱ्यांना सॉइल हेल्थ कार्ड मिळतं ना, त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू (पीएच) धरून 12 गोष्टी तपासतात, पण जिवाणू त्यात नाहीत. चंद्रपूरच्या कोळसा खाणी असोत की गोव्यातले लोहखनिजाचे डंप, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहेच.

2020 मध्ये तिची पीएचडी झाली आणि कोविडमुळे पदवीदान समारंभच झाला नाही. मग तिने काय केलं, तर आपल्या आधीच्या मूलनिवासी शास्त्रज्ञांच्या सन्मानार्थ डोंगरातल्या वाटांवरून 50 मैल, म्हणजे 80 किलोमीटर धावली!! त्यावर एक छोटी फिल्मही निघाली, आणि मूलनिवासी बाई सायंटिस्ट असू शकते हे कित्येक पोरापोरींना पहिल्यांदा दिसलं असेल. मला तर हे आउटरीच कुठल्याही लेक्चरपेक्षा भारी वाटतं.

तिच्या कामाची दुसरी बाजू डेटाची. बाहेरचे संशोधक जमातीच्या जमिनीवर येणार, मातीचे नमुने नेणार, पेपर छापणार, आणि तिथल्या लोकांना निकालसुद्धा कळणार नाही, हे पिढ्यानपिढ्या चाललं. यावर 2019 मध्ये 'केअर' नावाची तत्त्वं मांडली गेली: फायदा समाजाला व्हावा, डेटावर अधिकार त्यांचा असावा, संशोधकाने जबाबदारी घ्यावी, नीतिमत्ता पाळावी. इकॉलॉजी आणि जैवविविधतेच्या संशोधनात ही तत्त्वं प्रत्यक्ष कशी वापरायची यावर 2023 मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये पेपर आला, त्याची पहिली लेखिका लिडियाच. म्हणजे नमुना उचलायच्या आधीच जमातीशी बोलायचं, परवानगी घ्यायची, प्रश्नही त्यांच्यासोबत बसून ठरवायचे, आणि पुढे तो डेटा कोण कशासाठी वापरणार यातही त्यांचा शब्द चालला पाहिजे.