मसल कार : साठवण व मूल्य

मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या अमेरिकन मोटारीत मोठे व्ही-८ (आठ सिलिंडरांचे) इंजिन बसवून साधारण १९६४ ते १९७४ या काळात विकल्या गेलेल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. त्यांपैकी दुर्मिळ गाड्या फारशा न चालवता, पुढे भाव येईल या अपेक्षेने जपून ठेवण्याची प्रथा हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. या प्रथेला काही जण ‘साठेबाजी’ म्हणतात. पण साठेबाज माल अडवून टंचाई निर्माण करतो, येथे टंचाई कारखान्यातच ठरून गेलेली असते. म्हणून ‘साठवण’ हा शब्द येथे योजला आहे.

पहिली मसल कार कोणती, याबद्दल एकमत नाही. १९४९ च्या ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ मध्ये ३०३ घन इंचांचे नवे व्ही-८ इंजिन तुलनेने हलक्या सांगाड्यात बसवले होते; अनेक लेखक वंशावळ तिथून सुरू करतात. ३०० अश्वशक्तीची १९५५ ची क्रायस्लर सी-३०० काहींना अग्रपूजेची वाटते, पण ती आकाराने मोठी आणि महाग होती. १९५७ ची रॅम्बलर रेबेल (३२७ घन इंच, २५५ अश्वशक्ती) व्याख्येच्या अधिक जवळ येते; मात्र ती सुमारे १,५०० च बनली आणि तिच्यामागून तशा गाड्यांची रांग लागली नाही. ही रांग १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओने लावली. पॉन्टिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्स हिने मध्यम गाड्यांतील इंजिनाला ३३० घन इंचांची मर्यादा घातली होती. पॉन्टिॲकचे अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन स्वतंत्र गाडी म्हणून न आणता टेम्पेस्ट लेमान्स या मध्यम गाडीवरील जादा साहित्य म्हणून यादीत घातले आणि मर्यादेला बगल दिली. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. केवळ इंजिन आणि वजन यांचे गुणोत्तर पाहिले तर १९४९ चा पक्ष टिकतो. तरुण गिऱ्हाईक, परवडणारी किंमत आणि नक्कल करणारे स्पर्धक हेही पाहायचे तर १९६४ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. संग्राहकांचा बाजारही बहुधा तेच धरून चालतो.

हा काळ संपण्याची कारणे परिचित आहेत : विम्याचे चढते हप्ते, १९७० चा हवा-प्रदूषणविरोधी कायदा, १९७१ पासून घटवलेले (आणि म्हणून शक्ती कमी करणारे) संपीडन गुणोत्तर आणि १९७३ ची तेलटंचाई.

आज जी दुर्मिळता मोलाची ठरते, ती पुष्कळदा त्या वेळच्या नावडीची खूण आहे. १९७० च्या प्लिमथ ‘कुडा’मध्ये ४२६ घन इंचांचे हेमी (अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे) इंजिन हवे असेल तर सुमारे ८७० डॉलर जादा पडत, शिवाय विमा परवडत नसे. परिणामी त्या वर्षी हेमी कुडाच्या उघड्या टपाच्या अवघ्या १४ गाड्या बनल्या, पुढच्या वर्षी ११. पूर्ण ॲल्युमिनियमचे ४२७ घन इंची इंजिन असलेल्या १९६९ च्या कॅमारो झेडएल-१ ची संख्या ६९ आहे. नॅसकार शर्यतीच्या नियमांसाठी बनवलेली डॉज चार्जर डेटोना ५०३ असल्याचे मानतात. तिची बहीण प्लिमथ सुपरबर्ड हिचे आकडे १,९२० ते १,९३५ असे वेगवेगळे मिळतात. सुपरबर्डचे चोचीसारखे नाक आणि उंच पंख गिऱ्हाइकांना रुचले नाहीत. काही विक्रेत्यांनी ते काढून साधी रोड रनर म्हणून गाडी खपवली, असे सांगतात.

अस्सलपणा : दुर्मिळ गाडीची किंमत इंजिनामुळे ठरते आणि इंजिन बदलता येते, त्यामुळे या बाजाराचा सगळा भार चासी नंबर आणि इंजिन नंबर यांच्या मेळावर पडतो. चासी नंबरातून किती कळेल, हे मात्र कंपनीगणिक वेगळे आहे. क्रायस्लरच्या (प्लिमथ आणि डॉज याच कंपनीच्या) त्या काळच्या गाड्यांत नंबरातील पाचवे अक्षर इंजिन सांगते. १९७०-७१ च्या गाडीत ‘आर’ असेल तर ४२६ हेमी. ‘बीएस२७आर’ने सुरू होणारा नंबर म्हणजे उघड्या टपाची हेमी कुडा, हे जाणकार वाचताक्षणी ओळखतो. फोर्डमध्येही पाचवे चिन्ह इंजिनाचे असते, शिवाय १९६७ पासूनच्या कारखान्याच्या नोंदींवरून ‘मार्टी रिपोर्ट’ नावाचा उतारा मिळतो. पॉन्टिॲकची अडचण अशी, की १९६४ आणि १९६५ ची जीटीओ कागदोपत्री लेमान्सच होती. १९६६ पासून नंबराच्या आरंभी ‘२४२’ आले, तेव्हा कुठे जीटीओ नंबरावरून ओळखू येऊ लागली. शेव्हरोलेचा चासी नंबर तर १९७१ पर्यंत सिलिंडर सहा की आठ यापलीकडे इंजिनाबद्दल काही बोलत नाही. ४५० अश्वशक्तीची १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ आणि साधी व्ही-८ शेव्हेल यांतला फरक सिद्ध करायला सीटखाली किंवा पेट्रोलच्या टाकीवर चिकटून राहिलेला कारखान्याचा जोडणी-कागद लागतो. गाडीपेक्षा कागद दुर्मिळ, अशी स्थिती येते ती येथे.

खोटेपणाही याच जागी शिरतो. इंजिनाच्या ठोकळ्यावरील सपाट पट्टी घासून जुना नंबर घालवतात आणि हवा तो पंचाने ठोकतात. कारखान्यातील यंत्राने त्या पट्टीवर बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात. घासल्यावर त्या जातात. म्हणून पारखी माणूस आधी रेघा पाहतो, नंबर नंतर. उघडपणे ‘प्रतिकृती’ म्हणून विकलेल्या गाडीत गैर काही नाही. पण दोन-तीन हात बदलले की तो शब्द कधी कधी गळून पडतो.

साठवण : गाडी नुसती ठेवली म्हणून राहत नाही. पेट्रोलचा चिकट थर बसतो, रबरी सील सुकतात, ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, टायर एका बाजूने चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात. अमेरिकेतील टल्सा शहराने १९५७ साली प्लिमथ बेल्व्हेडेअर (मसल कार नव्हे, पण दाखला बोलका आहे) काँक्रीटच्या तळघरात पुरली. ५० वर्षांनी, जून २००७ मध्ये, तळघर उघडले तेव्हा आत पाणी भरलेले होते आणि गाडी गंजून गेलेली. नेब्रास्कातील पिअर्स गावच्या लॅम्ब्रेख्ट शेव्हरोले या बंद पडलेल्या विक्रीकेंद्रातील सुमारे ५०० गाड्यांचा लिलाव सप्टेंबर २०१३ मध्ये झाला. त्या बहुतांश साध्या, घरगुती वापराच्या होत्या. अनेक उघड्यावर कुजलेल्या. तरीही १.३ मैल चाललेल्या १९५८ च्या एका कॅमिओ ट्रकला १,४०,००० डॉलर आले.

मूल्य : तेलटंचाईनंतर या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त मिळत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भाव चढले, १९९० नंतर उतरले. दुसरी लाट २००० नंतरची. जानेवारी २००६ मध्ये उघड्या टपाची १९७० ची हेमी कुडा २१.६ लाख डॉलरना गेली. २००८ च्या आर्थिक पडझडीच्या सुमारास भाव पुन्हा घसरले. २०१४ मध्ये १९७१ ची तशीच गाडी सिॲटलच्या लिलावात ३५ लाखांना विकली गेली. स्टीव्ह मॅक्वीन यांनी पडद्यावर चालवलेली १९६८ ची मस्टँग एका कुटुंबाने १९७४ साली सुमारे ६,००० डॉलरना घेतली होती. जानेवारी २०२० मध्ये तिच्यावर ३४ लाखांची अखेरची बोली लागली. पण ती किंमत गाडीची किती आणि नटाची किती, हे वेगळे करता येत नाही.

मुद्दाम साठवलेल्या गाड्यांचा अनुभव फिका आहे. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ‘शेवटची उघड्या टपाची अमेरिकन गाडी’ म्हणून गाजली. १४,००० बनल्या, पुष्कळ झाकून ठेवल्या गेल्या, आणि १९८४ मध्ये कंपनीने तसलीच गाडी पुन्हा काढली. १९७८ च्या कॉर्व्हेट ‘पेस कार’च्या (शर्यतीच्या आरंभी पुढे धावणाऱ्या गाडीच्या धर्तीवर काढलेल्या आवृत्तीच्या) ६,५०२ प्रती निघाल्या, छापील किंमत १३,६५३ डॉलर. केवळ ४ मैल चाललेली एक प्रत वर उल्लेखिलेल्या पिअर्सच्या लिलावात ८०,००० डॉलरना गेली. छापील किंमत धरली तरी वाढ वर्षाला जेमतेम ५ टक्के पडते, आणि त्यातून ३५ वर्षांची जागा, विमा व देखभाल वजा व्हायची आहे. अमेरिकेत अशा संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय करही लागतो.

पुढील भावाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार पेट्रोलची इंजिने मागे पडतील तसे या गाड्यांचे मोल वाढेल. दुसऱ्या मतानुसार मागणी मुख्यतः १९४६ ते १९६४ दरम्यान जन्मलेल्या पिढीची आहे. ती ओसरली की पुरवठा वाढेल, आणि नव्या संग्राहकांचा ओढा १९८०-९० च्या, विशेषतः जपानी गाड्यांकडे राहील. कागदपत्रांसह असलेल्या मोजक्या हेमी गाड्यांना पहिले मत लागू पडते. हजारोंनी बनलेल्या सामान्य जीटीओ आणि मस्टँगांना दुसरे अधिक जवळचे दिसते.

भारतात अशा गाड्या तुरळक आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. अशा वाहनाचा व्यावसायिक वापर करता येत नाही.