सत्रविनिमय, देशांतर्गत

मूळ विद्यापीठातील प्रवेश कायम ठेवून देशातल्याच दुसऱ्या विद्यापीठात एक सत्र शिकणे आणि तिथले श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे शिकलेल्याचे मोजमाप) मूळ पदवीत धरले जाणे. ठाणे-नवी मुंबईत विद्यार्थी याला ‘सेम एक्स्चेंज’ (सेम म्हणजे सेमिस्टर) किंवा नुसते ‘क्रेडिट ट्रान्सफर’ म्हणतात. ‘विनिमय’ या शब्दात देवाणघेवाण गृहीत आहे. जाणे मात्र एकतर्फीही असू शकते. त्यामुळे ‘सत्रांतर’ हा शब्द अधिक नेमका वाटतो.

या प्रथेचे मूळ कधी कधी तक्षशिलेपर्यंत नेले जाते. गुरूच्या शोधात दूर जाणे तिथे होतेच. पण शिकलेले मोजून दुसरीकडे जमा करण्याची सोय नव्हती, आणि या प्रथेचा कणा तीच सोय आहे. अमेरिकेत अशी देशांतर्गत योजना १९६८ पासून आहे. युरोपातील इरॅस्मस ही विद्यार्थी-विनिमय योजना (१९८७) देशादेशांमधली असल्याने तिला पूर्वसूरी म्हणणे ताणलेले ठरते. भारतातील आरंभ काही जण निवडाधारित श्रेयांक पद्धतीपासून (सुमारे २०१५) धरतात. मात्र तेव्हा दोन संस्थांचा आपसातला करार लागे. सर्वांसाठी चौकट आली ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०२१ च्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (विद्यार्थ्याचे श्रेयांक खात्यात जमा ठेवणारी व्यवस्था) विनियमांनी. तेच वर्ष धरणे योग्य.

या विनियमांनुसार किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात आणि जमा श्रेयांक कमाल सात वर्षे टिकतात. विद्यार्थ्याने स्वतः गुणपत्रिका नेऊन दिली तर खात्यात काहीच जमा होत नाही. नोंद संस्थेनेच करायची. खरी अडचण सममूल्यतेची. इकडचा चार श्रेयांकांचा विषय तिकडे तीनचा असला, तर एक कमी पडतो. तो एक म्हणजे साधारण पंधरा तासांचे अध्यापन, पण तेवढ्यावरून पदवी अडू शकते. म्हणून निघण्यापूर्वी विषयवार मान्यता लेखी घ्यावी. ‘आल्यावर बघू’वर विसंबू नये.

या परिसरात अंतराने फसगत होते. ठाणे व रायगड जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. ट्रान्स-हार्बर लोकलने खाडीपलीकडच्या वाशीतील संलग्न महाविद्यालयात गेले, किंवा बाळकुमच्या ठाणे उपकेंद्रात बसले, तरी विद्यापीठ बदलत नाही. उलट त्याच वाशीतून नेरुळच्या डी. वाय. पाटील अभिमत (स्वतः पदवी देणाऱ्या, वेगळ्या) विद्यापीठात जाणे, अवघ्या काही स्थानकांचे असूनही, सत्रांतर ठरेल.