अर्धा चमचा हवा

वणीच्या गडावरून उतरताना आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीचं ब्रेक पेडल एकदम खोल जायला लागलं. पहिला गिअर, हँडब्रेक, कशीबशी गाडी कडेला घेतली. नारळ फोडला, अर्धा तास बसले, आणि पेडल पुन्हा टाईट! ‘देवीनं राखलं’ म्हणत नाशिकला आले आणि टाकीत थोडं ब्रेक ऑइल ओतून मोकळे झाले. देवीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पेडल मात्र वाफ निवल्यामुळे टाईट झालं.

ब्रेक ऑइल हे मुळात तेल नव्हेच. डॉट 3, डॉट 4 ही ग्लायकॉल-इथर जातीची द्रवं, हवेतला ओलावा शोषणारी. नवं डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हमी 140 वर येते. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच राहिलात, तर तापलेल्या कॅलिपरमध्ये (चाकापाशी ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल जातं.

वाफेचं निवल्यावर पाणी तरी होतं. पॅड बदलताना किंवा टाकी रिती पडल्यावर आत शिरलेली हवा तिथेच राहते, आणि सपाट गंगापूर रोडवरही पेडल स्पंजसारखं लागतं. अशी किती हवा पुरते? हा हिशेब माझ्या फार आवडीचा. मास्टर सिलेंडरचा (पेडल दाबलं की ज्यातला पिस्टन ऑइल चाकांकडे ढकलतो तो) व्यास 20 मिमी धरा, म्हणजे क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंमी. पायाचा जोर 20 किलो, पेडलच्या तरफेने पाचपट, म्हणजे 100 किलो. दाब झाला चौरस सेंटीमीटरला सुमारे 32 किलो, वातावरणाच्या तीसपट. (पायाचा जोर वाढवणारा बूस्टर धरलेलाच नाही.) एवढ्या दाबाखाली द्रव हजारात एक-दोन भाग आकसतो. पण 2 मिली हवा? बॉइलच्या नियमाने (दाब जितक्या पट, हवा तितका हिस्सा) तिचा तिसावा हिस्साही उरत नाही. ती रिकामी जागा भरायला पिस्टन 6 मिमी जास्त सरकतो, आणि तरफेमुळे तुमचा पाय तब्बल तीन सेंटीमीटर. पाच मिलीच्या चमच्यात ती हवा अर्धीसुद्धा भरणार नाही!

वरून ऑइल ओतून ना ही हवा निघते, ना खालचं पाणी मुरलेलं ऑइल. ते निपलमधूनच, म्हणजे कॅलिपरवरच्या सैल करता येणाऱ्या छोट्या तोटीतूनच, काढावं लागतं. हवा वर चढते, म्हणून निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला असतो. घरी करायचं तर दोघं हवेत. गाडी सपाट जागी, पक्क्या स्टँडवर, इंजिन बंद. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने रिंग पान्याने निपल सैल करून बुडबुडे निघाले की आवळायचा, मगच पाय उचलायचा. आधी उचलला की हवा उलटी आत. मधेच टाकी रिकामी पडली तर पुन्हा श्रीगणेशा. आधी कोणतं चाक, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटात हवा अडकली असेल तर बहुतेकदा स्कॅनर लागतो. तिथे गॅरेज गाठा.

इतकं करूनही दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडरचं सील गेलंय.

काकांच्या गाडीतून निघालेलं ऑइल कोऱ्या चहासारखं होतं. बंपरवरची लिंबू-मिरची तेवढी ताजी.